चाळीस नंबरचं धनुष्य

शिवशरण मास्तर गेले आणि सोलापुरातल्या बऱ्याच माणसांना एकदम आठवलं की ते फार मोठे होते. हयातीत त्यांना कुणी मोठं म्हटल्याचं त्यांच्या मुलीच्या, गुरम्माच्या, ऐकिवात नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं ड्रिल शिकवलं. वेळापत्रकात ड्रिलचा तास नेहमी शेवटचा, आणि गणिताचा धडा उरला की तो तास गणिताच्या घशात जायचा. मग मास्तर शिटी खिशात टाकून घरी येत. आता शोकसभेत तीन वक्त्यांनी त्यांना ‘क्रीडामहर्षी’ म्हटलं. त्यातल्या एकानं दोनदा त्यांचं नाव शिवपुत्र असं घेतलं. आणखी एकानं, मास्तरांच्या मागं चौतीस वर्षांची अविवाहित मुलगी राहिली याबद्दल मनापासून दुःख व्यक्त केलं. ती मुलगी पहिल्या रांगेत बसून ते ऐकत होती.

गुरम्मा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. ती त्या सभेत रडली नाही. बायकांनी त्याचीही नोंद घेतली.

सभेच्या शेवटी शाळेच्या समितीचे अध्यक्ष चन्नवीरअण्णा उभे राहिले. अण्णा सुताचे मोठे व्यापारी. त्यांनी जाहीर केलं की मास्तरांच्या स्मरणार्थ शाळेत धनुर्विद्येचा वर्ग निघेल आणि त्यासाठी निधी जमवला जाईल. टाळ्या पडल्या. तेव्हा मात्र गुरम्मानं मान वर केली, कारण त्या दिवशी एवढी एकच गोष्ट मास्तरांची होती.

या धनुर्विद्येची सुरुवात गुरम्मानंच करून दिली होती. बहात्तर साली ऑलिंपिकमध्ये बावन्न वर्षांनी धनुर्विद्या परत आली आणि बायकाही त्यात उतरल्या, ही बातमी तिनं वाचनालयातल्या पेपरात वाचून घरी सांगितली. मास्तरांनी जेवता जेवता हात थांबवला. “बायका पण?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेचा शिपाई कोंडीबा आणि ते, दोघं मिळून बांबूची धनुष्यं करायला बसले. सोलापूरच्या उन्हात बांबू महिन्याभरात कडकडून फाटायचा. मग मास्तरांनी पुण्याच्या एका खेळाच्या दुकानातून दरपत्रक मागवलं. त्यात एक लाकडाचं धनुष्य होतं, वर फायबरग्लासचा पातळ थर दिलेलं, दोन्ही टोकं पुढच्या बाजूला वळलेलं. इंग्रजीत त्याला रिकर्व्ह म्हणतात. मास्तर त्याला मिशीवालं म्हणायचे. टोकं तशी वळवलेली असल्यानं लहान धनुष्यही बाण लांब टाकतं, हे त्यांनी गुरम्माला पोळीचा तुकडा वाकवून दाखवलं होतं.

धनुष्य वीस, तीस आणि चाळीस पौंडांत मिळत होतं. दोरी हनुवटीपर्यंत ओढायला जेवढा जोर लागतो, तेवढे पौंड. कुठलं घ्यावं हे ठरवायला मास्तरांनी रद्दीवाल्याकडून एक स्प्रिंगचा काटा आणला, शाळेच्या कडुलिंबाला टांगला आणि आठवी-नववीच्या मुलींना एकेक करून त्याची दोरी ओढायला लावली. हनुवटीपर्यंत ओढायची आणि दहा मोजेपर्यंत धरायची. मोजायचे मास्तर स्वतः, घरच्या कानडीत: ओंदु, एरडु, मूरु. जेवढा जोर मुलीला दहापर्यंत धरता आला, तेवढा तिचा. अडतीस मुलींची नावं आणि त्यांच्यापुढं आकडे अशी एक वही तयार झाली. त्यात सगळ्यांत वरचा आकडा एकवीस होता. तो कुंभारीहून सायकलवर येणाऱ्या निंगव्वाचा. बहुतेकींचे सोळा-सतरा. वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं: ‘पहिलं धनुष्य हलकं घ्यावं. ओढताना ज्याचं तोंड वाकडं होतं, ते धनुष्य त्याचं नव्हे. बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडू नये, धनुष्य फुटतं. काम झालं की दोरी उतरवून ठेवावी.’ आणि दरपत्रकात वीसच्या आकड्याभोवती निळ्या शाईचा गोल काढला होता.

शेवटच्या पानावर अडतिसाव्या मुलीच्या खाली अजून एक ओळ होती. एका रविवारी त्यांनी गंमत म्हणून तिलाही काट्यापुढं उभं केलं होतं. ‘गुरम्मा – १९. धरते. मोजताना घाई करते.’

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, सकाळी कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे करता करता मास्तर गेले. एक बूट झाला होता.

निधी जमला तो एका धनुष्यापुरता, बारा बाणांपुरता आणि गवताच्या एका लक्ष्यापुरता. म्हणजे चुकायला जागा नव्हती. जे येईल तेच अडतीस मुलींच्या हातात जाणार होतं, किंवा जाणार नव्हतं. जूनमध्ये समितीची बैठक भरली तेव्हा गुरम्मा वही आणि दरपत्रक घेऊन गेली. तिला निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. निमंत्रिताला चहा मिळतो, मत मिळत नाही.

समितीत तिघं होते. चन्नवीरअण्णा मधल्या खुर्चीत. डाव्या हाताला बसप्पा, भुसार मालाचे व्यापारी. उजव्या हाताला मुख्याध्यापिका शकुंतलाबाई. कुठल्याही वादात शकुंतलाबाईंना दोन्ही बाजूंत तथ्य दिसायचं. तिसरी बाजू असली तर तिच्यातही दिसायचं.

गुरम्मानं वही टेबलावर ठेवली. अण्णांनी ती उचलली, डोळ्यांना लावली आणि परत ठेवली.

“ही जपून ठेव गं पोरी,” ते म्हणाले. “काचेत लावू.”

“उघडून बघा अण्णा. आत मुलींचे आकडे आहेत.”

“बघू की. हस्ताक्षर काय होतं मास्तरांचं.” वही न उघडताच त्यांनी मान हलवली.

बसप्पांनी दरपत्रक ओढून घेतलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “हितं एक गंमत आहे. वीस पौंडाला जो दर, चाळीस पौंडाला तोच. एक पैसा फरक नाही.”

“हो. दर सारखाच आहे,” गुरम्मा म्हणाली.

“मग वीसचं घ्यायला आपल्याला काय येड लागलंय? तेवढ्याच पैशात दुप्पट येतंय की.”

“पौंड म्हणजे धनुष्याचं वजन नाही, बसप्पाकाका. ओढायला लागणारा जोर आहे तो.”

“जोर जास्त, माल जास्त. मी तेच म्हणतोय.”

“मुलींना ओढता आलं पाहिजे ना.”

अण्णांनी हात वर केला. बाजारात त्यांचा हात वर झाला की हमालसुद्धा गाठोडं खाली ठेवायचे.

“बसप्पा, तुमी भुसारवाले. हे मापा-वजनाचं काम नव्हं, हा नंबरचा माल आहे. आणि नंबर मला विचारा. वीस नंबरचं सूत कसं असतं? चादरीचं. जाडं, राकट. चाळीसचं? लुगड्याचं. साठचं तर बोटाला लागत नाही. आपल्या पोरींच्या हातात वीसचं द्यायचं? पोरी हायत का हमाल?”

गुरम्मानं सावकाश सांगितलं, “अण्णा, सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं. इथं उलट आहे. आकडा वाढला की धनुष्य जड जातं ओढायला.”

“नंबर असे उलटसुलट होत नसतात, पोरी. चाळीस वर्षं सूत विकतोय मी. हे नंबर काढले कुणी? इंग्रजांनी. आणि हे धनुष्य कुठल्या पद्धतीचं?”

“तिकडच्याच.”

“मग झालं तर.”

गुरम्मानं शकुंतलाबाईंकडं पाहिलं. बाईंनी पदर सारखा केला. “मला वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे,” त्या म्हणाल्या. “पण अण्णाही चाळीसच म्हणतायत आणि बसप्पाही चाळीसच. तेव्हा एकमत झालंच आहे, नाही का?”

तसं ते झालं. एकाला चाळीस हवं होतं कारण ते भारी होतं, दुसऱ्याला हवं होतं कारण ते हलकं होतं. ठरावाच्या वहीत ‘सर्वानुमते’ हा शब्द शकुंतलाबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली रेघ मारली.

बाहेर व्हरांड्यात कोंडीबा उभा होता.

“काय ठरलं, अक्का?”

“चाळीस.”

कोंडीबा म्हणाला, “बैल जुपायचाय का वढायला?”

“अण्णा म्हणतात, चाळीस म्हणजे लुगड्याचं सूत.”

“मंग नेसू द्या त्यास्नी.”

मास्तर गेल्यापासून गुरम्मा पहिल्यांदा हसली.

तिनं अण्णांना एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. अण्णांचे दिवाणजी वाचनालयात ‘ते पत्र पोचलं’ एवढं सांगून एक नाटक घेऊन गेले. सप्टेंबरमध्ये पुण्याहून पार्सल आलं. गवतात गुंडाळलेलं लांब खोकं, आत तपकिरी चकचकीत धनुष्य, सुटी दोरी आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. गुरम्मानं कागद वाचला. मास्तरांच्या वहीत होतं तेच त्यात होतं: बाणाशिवाय दोरी सोडू नये, काम झालं की दोरी उतरवावी. शकुंतलाबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तो फाइलला लावला. फाइल कपाटात गेली. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला होती. कागद अगदी सुरक्षित राहिला.

बसप्पांनी धनुष्य फिरवून बघितलं. “टोकं उलटी वाकलीत. वाटेत ऊन लागलंय.”

“ती तशीच असतात, काका.”

“असतात कशी? वाकडा माल आहे हा.” मग त्यांच्या मनात काही आलं. ते धनुष्य घेऊन तडक दुकानात गेले आणि तासाभरानं लालबुंद होऊन परतले. त्यांनी ते तराजूत घातलं होतं. “दोन पौंड भरतंय. चाळीस म्हणून लिहिलंय आणि दोन पाठवलंय. अडतीस पौंडाला बुडालो की आपण.”

“बघा, बघा,” अण्णा खूश झाले. धनुष्य त्यांनी दोन बोटांवर तोललं. “पीस आहे नुसतं. चाळीसचं बारीकच असणार. पोरी, तू उगाच घाबरवत होतीस.”

बसप्पांनी त्या संध्याकाळी पुण्याच्या दुकानाला पत्र टाकलं की अडतीस पौंड माल कमी आला आहे, तरी तो उलट टपाली पाठवावा. दुकानदारानं उत्तर दिलं नाही. बसप्पांच्या मते चोराच्या मनात चांदणं उगाच नसतं.

दोरी कुणाला चढवता येईना. शेवटी कोंडीबाला बोलावलं. त्यानं मास्तरांनी शिकवल्याप्रमाणं एक टोक घोट्याशी अडकवलं, मांडीमागून धनुष्य वाकवलं आणि घामाघूम होऊन दोरी खाचेत बसवली. चढवल्यावर ते खरंच सुंदर दिसलं. मिशीवालं.

“निंगव्वाला बोलावते,” गुरम्मा म्हणाली. “एकदा ओढून बघू दे.”

“उद्घाटनाआधी कुणी हात लावायचा नाही,” अण्णा म्हणाले. “दसऱ्याला शस्त्रपूजा करू, मग बघू.”

“मग तोवर दोरी उतरवून ठेवू.”

“दोरी काढली तर काठी दिसेल नुसती. लोक काय बघायला येणार, काठी?”

धनुष्य सभागृहात मास्तरांच्या फोटोखाली खिळ्याला लागलं. फोटो एका जुन्या ग्रुप फोटोतून कापलेला होता. मास्तरांच्या खांद्यावर कुणा दुसऱ्याची चार बोटं राहून गेली होती. समोर पश्चिमेची खिडकी. ताणलेली दोरी, लाकूड, आणि रोज दुपारभर वर ऊन. गुरम्मा वाचनालयातून येता-जाता खिडकी लावून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ती उघडी असायची, कारण फोटोवर उजेड पडावा अशी शकुंतलाबाईंची सूचना होती.

दसऱ्याला सभागृह भरलं. धनुष्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार होता, खाली नारळ. अडतीस मुली पांढऱ्या कपड्यांत पुढं जमिनीवर बसवल्या होत्या. अण्णा रेशमी फेटा बांधून आले होते. त्यांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात मास्तर चार वाक्यांत आले आणि सुताचा धंदा वीस मिनिटांत. मग ते म्हणाले, “भाषणं पुष्कळ झाली. आता मास्तरांना आपण धनुष्याच्या टणत्कारानंच वंदन करू.”

त्यांनी खिळ्यावरून धनुष्य काढलं. बाण बसप्पांच्या मांडीवर, लाल फडक्यात बांधलेले होते. ते फडकं कुणीही सोडत नव्हतं.

गुरम्मा उठून व्यासपीठाजवळ गेली. माइक अण्णांच्या बाजूला होता. तिनं हळू आवाजात सांगितलं, “अण्णा, बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नका. फुटेल.”

“बाण लावला तर कुणाला तरी लागेल की बाई,” अण्णाही हळूच म्हणाले. “समोर पोरी बसल्यात.”

एकदा सांगायचं ते सांगून झालं. मास्तर असते तर त्यांनी शिटी मारली असती, सगळं सभागृह दचकलं असतं आणि अण्णांचा हात खाली आला असता. ती शिटी मार्चपासून गुरम्माच्या पिशवीत होती. तिचा हात पिशवीत गेला, शिटीपर्यंत पोचला, आणि तिथंच राहिला. जून आठवला, पत्र आठवलं, उघडी खिडकी आठवली. ती जागेवर जाऊन बसली.

अण्णांनी दोरी ओढली. ती आली एक वीतभर. लोकांना वाटलं, अण्णा मुद्दाम थांबलेत. अण्णांच्या कपाळावरची शीर फुगली, गंध सुरकुतलं, तोंड उजवीकडं वाकडं झालं. वहीतलं पहिलं पान गुरम्माला डोळ्यांपुढं स्वच्छ दिसलं. कोंडीबा दारात उभा राहून छताकडं बघत होता. अण्णांनी अजून चार बोटं ओढली आणि सोडून दिली.

काड् असा मोठा आवाज झाला. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला.

धनुष्याचा वरचा बाहू टोकापासून वीतभर फाटला होता आणि फायबरचा थर सालीसारखा सुटून हलत होता. दोरीचा फटका अण्णांच्या डाव्या हातावर बसून तिथं लाल वळ उठत होता. अण्णा टाळ्या थांबेपर्यंत हसतमुखानं उभे राहिले. हे त्यांना जमलं हे मान्य करायला हवं. मग ते दात न उघडता बसप्पांना म्हणाले, “हार. हार वरच्या बाजूला सरकवा.”

बसप्पांनी हार सरकवला. धनुष्य खिळ्यावर गेलं. आपट्याची पानं वाटली, सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका दैनिकात छापून आलं की ‘धनुष्याच्या टणत्कारानं सभागृह दुमदुमून गेलं आणि उपस्थितांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.’

झेंडू आठवडाभर टिकतो.

आठव्या दिवशी दुपारी, वाचनालयात पेपर वाचणारे दोन म्हातारे झोपले असताना, चन्नवीरअण्णा आले. चपला त्यांनी बाहेर काढल्या, वाचनालय म्हणजे देऊळ असल्यासारख्या. हातावरचा वळ झाकायला अंगात लांब बाहीचा सदरा होता. ते कधी इथं आले नव्हते. पुस्तकांच्या कपाटांकडं त्यांनी संशयानं बघितलं आणि गुरम्माच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

“हार वाळला,” ते म्हणाले.

“हो. बघितला मी.”

“आज नवा घातला कोंडीबानं. पण किती दिवस घालणार? वर्ग कधी सुरू होणार, विचारतात लोक. ती कुंभारीची पोरगी तर रोज विचारती म्हणं.”

“निंगव्वा.”

“तीच.” अण्णा थोडे पुढं वाकले. “समितीत काढायचं नाही हे. बसप्पाच्या पोटात काही राहत नाही. मी माझ्या पदरचं दुसरं मागवतो. गुपचूप बदलून टाकू. मास्तरांची शपथ, कुणाला कळणार नाही.”

मास्तरांची शपथ त्यांनी मास्तरांच्या मुलीला घातली होती.

“तू मागवलेलं बरं. इंग्रजी पत्र तूच लिही. फक्त एवढं सांग,” अण्णा म्हणाले, “आता कुठल्या नंबरचं घ्यायचं?”

गुरम्मानं ड्रॉवर उघडला. वही आत होती. आता ती उघडता आली असती. अडतीस नावं, अडतीस आकडे. वीस म्हणजे हलकं, चाळीस म्हणजे जड, हे पहिल्यापासून, कागदावर आकृती काढून. स्टुलावर बसलेला, गरजू झालेला माणूस कदाचित ऐकूनही घेईल. मास्तरांनी तेच केलं असतं. समोरच्याची चूक सुटेपर्यंत ते पुढं जात नसत. कवायतीत एका मुलीचा पाय चुकला तर सगळी रांग परत पहिल्यापासून. फार सरळ माणूस. छत्तीस वर्षांत त्यांच्या शाळेत एकही धड धनुष्य आलं नाही.

तिनं ड्रॉवर बंद केला.

“वीसचं घ्या अण्णा,” ती म्हणाली. “जाडं, राकट. मोडायचं नाही.”

अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “चाळीसचं फार नाजूक पडलं. शाळकरी पोरी, धसमुसळ्या. त्यांना चादरीचाच माल पाहिजे. मी बैठकीत बोलणारच होतो, पण बसप्पा चाळीसला अडून बसला.”

“हो.”

“वीसचं स्वस्त पडत असेल.”

“दर तोच आहे.”

“जाड्याला पण तोच? लुटतात लोक.” ते उठले. दारापर्यंत जाऊन परत आले. “तू पण वीसच म्हणत होतीस ना गं तेव्हा?”

“म्हणत होते.”

“बाप शिकवून गेला हो तुला,” अण्णा म्हणाले, आणि चपला घालून गेले. पेपरावर झोपलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण जागा झाला, त्यानं पान उलटलं आणि पुन्हा झोपला. गुरम्मानं पत्रासाठी कागद घेतला. पत्ता लिहिला. तारीख लिहिली, आणि खाली इंग्रजीत वीसचा आकडा टाकला.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर, कोंडीबानं नवं धनुष्य मैदानात आणलं. फाटकं धनुष्य सभागृहातच खिळ्यावर राहिलं होतं. गुपचूप बदलायचं अण्णांनी ठरवलं होतं खरं, पण तोवर त्याची रोज पूजा होऊ लागली होती आणि पुजलेलं धनुष्य खाली काढायला कुणी धजेना. फोटोत मास्तरांच्या खांद्यावर बोटं ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसाला सोबत झाली. बसप्पांनी नवं धनुष्य दुकानात नेऊन तोललं होतं. तेही दोनच पौंड भरलं. “ह्या वेळी अठराच कमी आलंय,” ते म्हणाले. “सुधारला म्हणायचा दुकानदार.”

कोंडीबानं दोरी चढवली. या वेळी त्याला घाम आला नाही. “हे मानसाचं हाय,” तो म्हणाला आणि बोटानं दोरी हलकेच चाचपली.

गवताचं लक्ष्य लिंबाखाली उभं केलं होतं. काटा जिथं टांगायचे, त्या फांदीला अजून सुतळीचा तुकडा होता. मुली भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या. निंगव्वा पुढं आली. कपाळावरचं तेल तिनं बाहीनं पुसलं.

“बाण आत्ताच लावू का, बाई?”

“बाण लावूनच ओढायचं. पण लगेच सोडायचा नाही. मी मोजेन. दहा झाले की सोड.”

निंगव्वानं बाण लावला. धनुष्य वर आलं, दोरी मागं आली, हनुवटीला लागली. तोंड वाकडं झालं नाही. नुसते ओठ मिटले. वळलेली दोन टोकं उन्हात चमकली आणि स्थिर झाली.

“ओंदु,” गुरम्मा म्हणाली. “एरडु.”

मोजताना घाई करते, असं लिहिलं होतं. तिनं घाई केली नाही. प्रत्येक आकड्यानंतर ती थांबली, मास्तर थांबायचे तेवढी. मूरु. नाल्कु. ऐदु. पलीकडं रस्त्यावर एक टांगा गेला. आरु झाल्यावर ती जरा जास्तच थांबली. कारण दहा झाल्यावर बाण सुटणार होता, तो पुढं जाऊन कुठंतरी लागणार होता, आणि मग मोजायला काही उरणार नव्हतं. कोंडीबा तिच्याकडं बघत नव्हता, दुसरीकडं बघत होता.

“बाई,” निंगव्वा दोरी न सोडता, हनुवटी न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, “हात भरला की. फुडं म्हना.”

“एळु,” गुरम्मा म्हणाली.